दोन सीटांची गाडी

अण्णांनी गाडी विकायला एका शब्दात होकार दिला, तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

"विक," एवढंच म्हणाले, आणि भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून जेवायला लागले. ज्या माणसानं मोडकी छत्री टाकून देण्यावरून आठवडाभर अबोला धरला होता, तो इतकी वर्षं खपून उभी केलेली गाडी अशी सहज सोडतो? मी जिल्हा परिषदेत आवक-जावकच्या टेबलाला बसते. माणसं माझ्यासमोर हात जोडून उभी राहतात आणि खोटं बोलतात. त्यामुळे माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. घरच्यांवर तर नाहीच, कारण घरचे जास्त सराईत असतात.

गाडी म्हणजे एमजी. विलायती, उघड्या टपाची, तारांच्या चाकांची, आणि फक्त दोन सीटांची. अण्णा, म्हणजे माझे वडील दादासो कांबळे, एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते. एक्क्याण्णव साली राधानगरीच्या अलीकडे एक बस बंद पडली, तिच्या दुरुस्तीला ते गेलते. पाऊस उघडेपर्यंत ज्या गोठ्यात थांबले, तिथं म्हशींच्या मागं त्यांना ही दिसली. आत कोंबड्या अंडी घालत होत्या. कुणा इनामदारानं कधीकाळी हौसेनं आणलेली. त्याचा नातू म्हणाला, न्या की, जागा तरी मोकळी होईल. भंगाराच्या भावात घेतली, उसाच्या ट्रॉलीत घातली आणि कसबा बावड्याला आमच्या दारात आणून उतरवली. आई उंबऱ्यात उभी होती. म्हणाली, "आली माझी सवत."

सवतीची सेवा मात्र तिच्याच वाट्याला आली. अण्णा ड्युटीवरून यायचे, चहा प्यायचे आणि घरामागच्या शेडमध्ये शिरायचे. "सोने, बॅटरी धर. सोने, तेरा नंबरचा पाना दे. तो न्हवं, अगं तो न्हवं!" जे सुटे भाग मिळत नव्हते, ते सगळे कोल्हापुरातच बनवून घेतले. लाकडी सांगाडा बावड्याच्या सुतारानं जोडला, ओतीव भाग उद्यमनगरातल्या फाउंड्रीत ओतून घेतले, सीटांचं कातडं चपला करणाऱ्या एका म्हाताऱ्यानं शिवलं. दोन हजार साली गाडी लाल रंग लावून बाहेर आली, तेव्हा आख्खी गल्ली बघायला लोटली. मीही रडले, खोटं कशाला बोलू?

तेव्हापासून दर एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत ही गाडी सगळ्यांत पुढं असायची. बॉनेटवर बाबासाहेबांचा फोटो, फोटोला निळ्या रिबिनी, स्टिअरिंगच्या चाकामागं अण्णा कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. शेजारच्या सीटवर कधी नगरसेवक, कधी पाहुणे वक्ते. आई मागं बायकांच्या रांगेत चालायची. तिला शेजारी बसवावं हे ना अण्णांना सुचलं, ना मला.

मग अण्णांच्या डोळ्यांचं सुरू झालं. काचबिंदू. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, समोरचं थोडं दिसतं, कडेचं गेलंय, आणि उरलंय तेही जाईल. गाडी चालवायची नाही म्हणजे नाही. अण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, "दिसतंय की मला." त्याच आठवड्यात त्यांनी शेजारच्या धोंडुबाईच्या कट्ट्याचा कोपरा उडवला, आणि वर तिलाच ऐकवलं, "कट्टा फुडं आणलाईस व्हय गं तू?"

त्या दिवशी मी ठरवलं. कट्ट्याच्या जागी उद्या एखादं माणूस असेल. अण्णा तरी जातील, नाहीतर अण्णांच्या हातून दुसरं कुणी तरी जाईल. ही गाडी घरात आहे तोवर मला झोप लागणार नव्हती. मी पेपरात जाहिरात दिली: "जुनी विलायती स्पोर्ट्स कार, उत्तम स्थितीत, रोज वापरातली." आणि अण्णांनी त्या एका शब्दात होकार दिला.

पहिलं गिऱ्हाईक कबनूरचं. यंत्रमागवाला, गळ्यात जाड चेन. मुलाची वरात या गाडीतून काढायची आणि मग गाडी वराती-वरातींना भाड्यानं सोडायची, असा त्याचा बेत. अण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पावण्यानं विचारलं, "चालू करा की." अण्णांनी स्टार्टर ओढला. गाडी नुसती खोकत राहिली. बॉनेट उघडलं, इकडं हात घातला, तिकडं हात घातला, मान हलवली. "रातच्याला थंडी लई पडली," म्हणाले. पावणं चहा पिऊन गेलं, ते गेलंच.

दुसरं गिऱ्हाईक पन्हाळ्याच्या वाटेवरचा एक हॉटेलवाला. त्याला गाडी हॉटेलच्या दारात उभी करायची होती, सीटांच्या जागी झेंडूच्या कुंड्या ठेवून. खरं तर त्याला गाडी चालली काय, न चालली काय, सारखंच. पण ती सुरूही होईना म्हटल्यावर तो भाव पाडायला लागला, आणि अण्णांनी त्याला सरळ फाटकाचा रस्ता दाखवला.

गिऱ्हाईक गेलं की दुसऱ्या दिवशी मी स्टार्टर ओढून बघायचे, तर गाडी पहिल्या झटक्यात सुरू. आता सांगा, संशय कुणावर घ्यायचा?

"अण्णा, तुम्हीच काही तरी करून ठेवताय," मी तोंडावर म्हटलं.

"मी?" अण्णा खवळले. "माझ्या हातची गाडी चार लोकांत बंद पडती, त्यात माझी इज्जत जाती का तुझी? जिभंला काय हाड हाय का न्हाय?"

रागावले खरे, पण जास्त रागावले. इतकं रागावणारा माणूस काहीतरी लपवत असतो, हे मी टेबलावर बसून शिकले आहे. मी पाळत ठेवायला लागले.

आणि मला भलतंच सापडलं. एका सकाळी ऑफिसला निघताना बघितलं, तर मागच्या चाकाच्या तारांत उसाचं ओलं पान अडकलेलं. हिरवंगार, त्याच दिवशीचं. आमच्या शेडमध्ये ऊस नाही. ऊस आहे तो साखर कारखान्याच्या रस्त्याला. म्हणजे मी झोपेत असताना हा माणूस गाडी बाहेर काढतो? कडेचं काही दिसत नसताना, उसाच्या बैलगाड्यांमधून?

विचारलं तर "वाऱ्यानं आलं आसंल" म्हणाले. मी चावी माझ्या पर्समध्ये टाकून ऑफिसला न्यायला लागले. तिचा उपयोग शून्य. ती गाडी अण्णा साध्या खिळ्यानंही सुरू करतील. पण माझ्या मनाचं समाधान.

शेवटी मी जोतीरामकाकांना बोलावलं. ते वर्कशॉपातले अण्णांचे जुने जोडीदार. अण्णा डॉक्टरकडे गेले असताना बोलावलं, कारण ते दोघं समोरासमोर असले की एकमेकांना सांभाळून घेतील, हा दुसरा संशय. गाडी त्या दिवशीही बंद होती, कारण दुपारी एक गिऱ्हाईक यायचं होतं. काकांनी बॉनेट उघडलं, डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं आणि हसायला लागले.

"अगं, ह्यातला रोटर काढलाय की कुणीतरी."

रोटर म्हणजे अंगठ्याएवढा काळा तुकडा. तो नसला की ठिणगी पोचत नाही आणि गाडी जागची हलत नाही. काका म्हणाले, पूर्वी गाडी चोरीला जाऊ नये म्हणून ड्रायव्हर लोक तो खिशात घालून जेवायला जायचे. मी त्यांच्या खिशाकडेही एकदा बघून घेतलं. माझा स्वभावच तसा, काय करू?

ते दुपारचं गिऱ्हाईक मी निरोप धाडून थांबवलं आणि घरभर शोधलं. अण्णांचे कोट, हत्यारांची पेटी, गादीखाली. काही नाही. संध्याकाळी भाकरीवर कांदा-लसणीची चटणी घ्यायला डबा उघडला, तर चमच्याला टणक काहीतरी लागलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला रोटर.

चटणीच्या डब्याला आमच्या घरात एकच हात लागतो.

"आई, हे काय?"

आई भाकरी थापत होती. हात थांबला नाही तिचा. "दावं हाय ते."

"कसलं दावं?"

"जनावर इकताना दावं कोण देतंय व्हय? दाव्यासंगं गोठ्याची बरकत जाती. माझा बा म्हस इकायचा, तवा गळ्यातलं दावं सोडून आधी खुंटीला लावायचा, मग म्हस गिऱ्हाइकाच्या हातात. त्यानं आपलं दावं घिऊन यायचं. ही गाडी बी गोठ्यातनंच आलीया न्हवं? म्हून तिचं दावं ठेवलं काढून. ह्यास्नी सांगू नगंस, बाई. चिडतील."

चिडतील हे खरंच होतं. आमच्या घरात लिंबू-मिरची नाही, अंगारा नाही, अमावास्या नाही. अण्णा असल्या गोष्टींवर नुसते चिडत नाहीत, भाषण देतात. मला आईचं हसू आलं आणि मायाही आली. आयुष्यभर सवत म्हणून जिचा उद्धार केला, तिचंच दावं चटणीत जपून ठेवलंय! मी म्हटलं, "अगं, पण ह्याच्याशिवाय गाडी चालत नाही. दुसरं काहीतरी ठेव, एखादा स्क्रू ठेव." ती बरं म्हणाली. प्रकरण मिटलं, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी केएमटीत उभी होते, बस टाऊन हॉलच्या चौकात अडकली होती, आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दावं सोडतात ते म्हैस दारातून जाताना. गिऱ्हाईक नुसतं बघायला आलं, तेव्हा नव्हे. आणि दावं खुंटीलाच होतं, तर दुसऱ्या दिवशी गाडी सुरू कशी व्हायची? ते उसाचं पान आलं कसं? म्हणजे आई रोटर काढत होती आणि आईच परत बसवत होती. सोनूबाई कांबळे, माझी आई, मला तोंडावर थाप मारून मोकळी झाली होती, आणि मी, माणसांची थापेबाजी ओळखण्यात हयात घालवलेली, हसून भाकरी खाल्ली होती. मला इतका संताप आला की कंडक्टरशी विनाकारण भांडले.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी मी मागच्या दारानं बाहेर पडले. शाल गुंडाळून कारखान्याच्या रस्त्याला वळणावर जाऊन उभी राहिले. हंगाम चालू होता. उसाच्या बैलगाड्या एका कडेला रांगेत लागलेल्या, मळीचा वास, तोडकऱ्यांच्या बायकांनी पेटवलेल्या चुली. फटफटायला लागलं आणि आमच्या गाडीचा आवाज आला. तो मी झोपेतही ओळखेन.

गाडी दिसायच्या आधी आईचा आवाज ऐकू आला.

"सरळ... सरळ... डाव्या अंगाला गाड्या हायत्या, वाईच उजवीकडं घ्या... बास. आता म्हस हाय फुडं, हळू. हळू म्हटलं की! गेली म्हस. चला आता."

अण्णा चाकामागं, मान ताठ, नजर समोर. शेजारच्या सीटवर आई. पदर डोक्यावरून घट्ट बांधलेला, एक हात पुढच्या काचेवर. ती "उजवीकडं" म्हणाली की गाडी उजवीकडे जात होती. ती "थांबा" म्हणाली की थांबत होती. मी आयुष्यात आईचा असा आवाज ऐकला नव्हता. घरात ती अण्णांशी बोलते ते खालच्या पट्टीत, अर्धं वाक्य गिळून, कारण उरलेलं अर्धं अण्णा दुरुस्त करून तिला परत देतात.

मी ओरडणार होते. पण त्याच वेळी उजव्या बाजूनं एक बाई रस्त्यात आली. कडेवर लेकरू, डोक्यावर पाण्याची घागर. आई डावीकडच्या बैलांकडे बघत होती. तिला ती बाई दिसली नाही. अण्णांना तर दिसणारच नव्हती.

"आई!" मी किंचाळले.

आईनं मान वळवली. तिनं अण्णांचा दंड धरला. तेवढ्यानं त्यांनी ब्रेक दाबला. गाडी तिरकी होऊन थांबली. घागर फुटली. बाई रस्त्यातच बसली, लेकराला छातीशी धरून, आणि मग तिनं आम्हा तिघांना ज्या शिव्या दिल्या, त्या सगळ्या आम्ही मान खाली घालून ऐकल्या. लागलं कुणालाच नव्हतं. लेकरू तर हसत होतं.

घरी आल्यावर मी काही बाकी ठेवलं नाही. जे तोंडाला येईल ते बोलले. दोघांची अक्कल गेली का, लेकराला काही झालं असतं तर काय तोंड दाखवलं असतं, मला रोज ऑफिसात जीव मुठीत धरून बसायला लावता आणि वर दाव्याच्या गोष्टी सांगता! अण्णा शेडच्या दारात टेकून उभे होते. आई पायरीवर बसली होती. हात तिनं पदराखाली घेतले होते.

"अण्णा, रोटर आई काढत होती हे तुम्हाला माहीत होतं?"

"हात लावल्या लावल्या कळालं," अण्णा म्हणाले. "घरात दुसरं कोण हाय त्यातलं कळणारं? म्हटलं, तिची मर्जी न्हाय इकायची, तर न्हाय."

"आणि तू गं?" मी आईकडे वळले. "तुला तर ही गाडी डोळ्यांसमोर नको होती!"

आईनं डोक्यावरच्या पदराची गाठ सोडली. मग म्हणाली, "लगीन झाल्यापास्नं ह्या माणसानं माझं एक ऐकलं न्हाय. भाजीत मीठ किती घालायचं, ते बी ह्यांनीच सांगायचं. पर त्या गाडीत बसलं, की मी उजवीकडं म्हटलं तर उजवीकडं. डावीकडं म्हटलं तर डावीकडं. मी थांबा म्हटलं की थांबत्यात. का म्हून इचारत न्हाईत. वाईच बरं वाटायचं गं. दुसरं काय न्हाय."

माझा राग होता तिथंच राहिला, पण तो आता नेमका कुणावर काढायचा, हे मला कळेना. अण्णा जमिनीकडे बघत होते. आई उठली, शेडमध्ये गेली, बॉनेट उचललं, झाकण काढलं आणि रोटर आणून माझ्या हातावर ठेवला. तिला एकदाही शोधावं लागलं नाही.

"जाऊ दे गाडी," म्हणाली. "मला बी दोनच डोळं हायती."

जाहिरात वाचून पुण्याच्या एका गिऱ्हाइकाचा आधी फोन आला होता, त्याला मी त्याच दुपारी फोन केला. पृथ्वीराज नाव. त्याच्याकडे आधीच्या दोन जुन्या गाड्या होत्या आणि तो त्या खरोखर चालवायचा. फोनवर म्हणाला होता, "मांडून ठेवायला नको, पळवायला हवी आहे." अण्णांना तेवढं वाक्य आवडलं होतं. याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला ते गाडी देणार नव्हते, आणि मला ती आता एक दिवसही घरात नको होती.

तो रविवारी आला, आणि मला पहिल्यांदाच संशय घेण्यात माझ्या जातकुळीचा माणूस भेटला. गाडीभोवती एक फेरी मारली, खिशातून फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं आणि पत्र्यावरून फिरवलं, आत लांबी, म्हणजे पुट्टी, भरून पत्रा गुळगुळीत केलाय का ते बघायला. प्रत्येक दारावर, प्रत्येक मडगार्डवर चिकटलं, तरी त्याचं समाधान झालं नाही. वाकून खाली बघितलं. ओतीव भागांवर नख मारून बघितलं. "हे सगळं घरी केलं? तुम्ही एकट्यानं?" असं अण्णांना दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा उत्तर ऐकताना माझ्या तोंडाकडे बघत राहिला, मी डोळे चुकवते का ते पाहायला. मी चुकवले नाहीत. मला हे डाव सगळे माहीत आहेत.

मग त्यानं बॉनेटवर तळहात ठेवला.

"गरम आहे," म्हणाला. "मी यायच्या आधीच सुरू करून ठेवली होती का? गार असताना सुरू होत नाही, म्हणून?"

अण्णांनी सकाळी शेडमध्येच जरा वेळ इंजिन चालवलं होतं, पाहुण्यांसमोर गाडीनं मान खाली घालायला लावू नये म्हणून. पण हे सांगितलं असतं तरी त्याला खरं वाटलं नसतं. मला स्वतःलाही वाटलं नसतं.

"असं करू," पृथ्वीराज म्हणाला. "काका, तुम्हीच एक चक्कर मारून दाखवा. मी शेजारी बसतो. ज्यानं बांधली तो कसा चालवतो, त्यावरून मला गाडी कळेल."

गल्ली गोळा झाली होती. धोंडुबाई आपल्या उडालेल्या कट्ट्यावर बसून बघत होती. जोतीरामकाका होते. अण्णा चाकामागं जाऊन बसले. आणि आई सवयीनं डाव्या बाजूला गेली, दाराला हात घातला.

"काकू," पृथ्वीराज मागून म्हणाला, "मला बसायचंय तिथं."

आईनं हात काढला. दोनच तर सीटा. तो आत बसला, दार ओढून घेतलं. अण्णांनी स्टार्टर ओढला, गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. गल्लीतल्या कुणीतरी शिट्टी मारली.

बोलले, तर सगळ्या गल्लीसमोर अण्णांची लाज जाणार. ज्या गोष्टीचा त्यांनी डॉक्टरसमोर, माझ्यासमोर, स्वतःसमोरसुद्धा कधी कबुलीजबाब दिला नव्हता, ती मी परक्या माणसासमोर सांगायची. न बोलले, तर गाडी फाटकातून रस्त्यावर जाणार. आई माझ्याकडे बघत होती. मी पुढं झाले.

पण गाडी हललीच नाही. अण्णांनी गिअर टाकला, परत काढला, आणि इंजिन बंद केलं.

"पावणं," ते म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "मला दिसत न्हाय."

पृथ्वीराजानं आधी अण्णांकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर दया नव्हती. त्याला शंका आली होती, आणि मला ती अगदी स्वच्छ दिसत होती, कारण त्याच्या जागी मलाही तीच आली असती.

"दिसत नाही? कधीपासून?"

"वरीस झालं आसंल."

"मग जाहिरातीत 'रोज वापरातली' असं कसं? वर्षभर उभी असलेली गाडी असेल तर सरळ सांगा. उभ्या गाडीचं सगळं आतून गेलेलं असतं." तो माझ्याकडे वळला. "तुम्ही चालवता का?"

"मला येत नाही," मी म्हटलं.

"मग कोण चालवतं?"

खरं सांगितलं, तर तो आम्हाला वेडे ठरवून निघून गेला असता.

"मी," आई म्हणाली. "मी चालवत हुतो."

धोंडुबाई खदखदून हसली. मागं अजून दोघी-तिघी हसल्या. माझी आई कधी सायकलवर बसलेली नाही. पृथ्वीराज तिच्याकडे बघत राहिला, डोक्यावरच्या पदरापासून पायांतल्या चपलांपर्यंत. आईनं मान खाली घातली नाही, पण तिचं तोंड लाल झालं होतं. आता अण्णा तिला झिडकारणार, हे मला माहीत होतं. ते तिला भाजीच्या मिठावरून झिडकारतात. इथं तर गाडी होती, आणि बघायला आख्खी गल्ली.

गाडी त्याच दिवशी गेली. पृथ्वीराजानं एकट्यानं शिये फाट्यापर्यंत चक्कर मारली, हसत परत आला, आणि उन्हं उतरायच्या आत पुण्याला निघाला. जाताना त्यानं अण्णांना वाकून नमस्कार केला. हे सगळं नंतरचं. त्याच्या आधी, धोंडुबाई हसत असताना, अण्णा चाचपडत गाडीतून उतरले, आईचा आवाज आला होता त्या दिशेला तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, "हसतायसा कशाला? खरं तेच सांगतीया ती. गाडी हीच चालवत हुती. मी नुसता चाक धरून बसायचो."